खांदेरीचा दिवा

गेल्या शनिवारी करंजाड्याहून लेकीला घेऊन थळचा किनारा गाठला. समोर खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तर मुंबईकर इंग्रजांनी गलबतं पाठवली. किल्ला झालाच! १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांकडूनही तो त्यांना घेता आला नाही. शेवटी १८६७ साली इंग्रजी अमलातच तिथे दीपगृह उभं राहिलं. (आज नाव मात्र कान्होजींचं!)

अंधार पडला, दिवा लुकलुकला.

"बाबा, बिघडलाय का रे?"

"नाही गं. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी. मधले सेकंद मोजले की खलाशाला कळतं, आपण कुठे आहोत ते."

ती मोजायला लागली. मी पुढचा इतिहास काढला, तर म्हणे, "गप्प बस ना, माझा आकडा चुकतो!"