डबा कुठे उघडायचा?

आरोग्यदायी डबा म्हटले की आपले लक्ष लगेच डब्याच्या आत जाते. भाजी कोणती, पोळी की भात, कोशिंबीर आहे की नाही, तळलेले किती. या प्रश्नांकडे आपण वळणारच आहोत. पण कामावर नेलेल्या डब्याचा इतिहास चाळू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की कारखान्यांतील माणसे प्रथम भांडली ती डबा उघडायला अर्धा तास आणि बसायला स्वच्छ जागा मिळावी म्हणून. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी शाळा पाहिली असेल. पण त्यांच्या मागणीला शास्त्राचा आधार होता, आणि तो पुढे हळूहळू सापडत गेला.

सुरुवात आगकाडीपासून करावी लागेल. एकोणिसाव्या शतकात कुठेही घासली तरी पेटणाऱ्या काड्यांच्या टोकाला पांढऱ्या फॉस्फरसचे मिश्रण लावत. हा फॉस्फरस साध्या तापमानालाही धुमसतो व त्याची वाफ हवेत पसरते. अशा कारखान्यांत काम करणाऱ्यांचे दात दुखू लागत, हिरड्या सुजत आणि पुढे जबड्याचे हाड कुजून जाई. व्हिएन्नातील लॉरिन्सर या डॉक्टरांनी १८४५ साली या रोगाचे वर्णन केले. विष तोंडावाटे शरीरात जात असणार हे उघड होते, आणि तोंडाकडे जाणारा रोजचा वाहक म्हणजे हातातला पाव! म्हणूनच १८६४ च्या ब्रिटिश कायद्याने आगकाड्यांच्या कारखान्यात काम चालते त्या जागी जेवण्यास मनाई केली.

कायदा झाला, पण जेवायला खोली कोण देणार? जुलै १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे या कारखान्यातील सुमारे चौदाशे स्त्रिया व मुली संपावर गेल्या. त्यांच्या हालअपेष्टांवर ॲनी बेझंट यांनी जूनमध्ये लिहिले होते. (याच बेझंटबाई १८९३ साली भारतात आल्या आणि पुढे इथल्याच झाल्या.) संप मिटला तेव्हा मालकांनी दंड व पगारातील कपाती बंद करण्याचे मान्य केले. त्याचबरोबर, कामाच्या खोलीतच खावे लागू नये म्हणून न्याहारीसाठी वेगळी खोली देण्याचेही त्यांनी कबूल केले. पांढरा फॉस्फरस मात्र तसाच राहिला. तो वापरायचा नाही असा आंतरराष्ट्रीय करार बर्न येथे १९०६ साली झाला आणि भारतात अशा काड्यांवर बंदी घालणारा कायदा १९१३ साली आला. मधल्या काळात विषापासून जे काही थोडेफार संरक्षण मिळाले, त्यात या वेगळ्या खोलीचा वाटा होता.

लंडनच्या त्या संपाच्या चार वर्षे आधी मुंबईत अशीच एक मागणी पुढे आली होती. इथे प्रश्न जागेच्या आधी वेळेचा होता. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन तयार झाले. रविवारी पूर्ण सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघात झाल्यास भरपाई या मागण्यांच्या जोडीला त्यात आणखी एक मागणी होती: दुपारी अर्धा तास सुट्टी.

अर्धा तास! त्यासाठी अर्ज का करावा लागावा, असे विद्यार्थी विचारतील. याचे उत्तर गिरणीच्या यंत्ररचनेत आहे. त्या काळी गिरणीत एकच मोठे वाफेचे इंजिन असे. त्याची शक्ती जाड दोरांनी मजल्यामजल्यावरील लांब फिरत्या दांड्यांकडे जाई आणि त्या दांड्यांवरून पट्ट्यांनी प्रत्येक चात्यांच्या यंत्राला आणि मागाला मिळे. इंजिन चालू आहे तोवर दांडा फिरणार आणि दांडा फिरतो आहे तोवर सूत निघणार. एका कामगाराला जेवू द्यायचे तर त्याचे यंत्र शेजाऱ्याने सांभाळायचे. सर्वांना एकदम जेवू द्यायचे तर इंजिनच थांबवायचे. मालकांना हा दुसरा मार्ग महाग वाटे. माणसे अधूनमधून बाहेर जातात, तेव्हा खाऊन घेतातच, मग ठरावीक सुट्टी कशाला, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने पुढेही बरीच वर्षे होत राहिला. म्हणजे ज्याला आपण आज जेवणाची सुट्टी म्हणतो तिचा संबंध पोटाइतकाच शक्तिवहनाच्या पद्धतीशी होता. भौतिकशास्त्राच्या तासाला पट्टा आणि चाक शिकवताना हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने लहान मुलांना रोज एक तास विश्रांती दिली होती. प्रौढांसाठी त्यात काहीच नव्हते. १८९० साली नेमलेल्या आयोगाच्या कामात लोखंड्यांना सहभागी करून घेण्यात आले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम पूर्ण थांबवणे बंधनकारक झाले. भोंगा वाजे, दांडा थांबे, आणि मगच डबा उघडे. तरी दिवस लांबच राहिला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही गेली. कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत वाढले आणि त्यावरून पुन्हा संप झाले. चौदा तासांच्या दिवसात अर्धा तास, आणि त्यातच हात धुणे, पाणी भरणे, जागा शोधणे.

जागेचा प्रश्न कायद्यात नीट आला तो स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी किमान अर्धा तास विश्रांती द्यायचे ठरवले. त्याच्या ४६ व्या कलमात अडीचशेहून अधिक कामगारांसाठी उपाहारगृहाची तरतूद होती. आम्हाला जास्त मोलाचे वाटते ते त्यापुढचे, ४७ वे कलम. दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे, कामगारांनी सोबत आणलेले जेवण जेवता येईल अशी, पिण्याच्या पाण्याची सोय असलेली खोली हवी; आणि अशी खोली असेल तर कामाच्या जागी कोणीही काही खायचे नाही. घरच्या डब्याची दखल घेणारे हे कलम आहे. १९४८ सालच्या आपल्या देशात कोणी कोणाच्या हातचे खावे यावर केवढी बंधने होती हे आठवले, तर उपाहारगृह असूनही डब्याची खोली का लागते हे समजते.

कामाच्या जागी खायचे नाही, या निम्म्या वाक्यात लंडनच्या आगकाड्या आहेत आणि आणखीही बरेच काही आहे. आमच्या प्रयोगशाळांत हा नियम फार कडक असतो. रसायने ठेवण्याच्या शीतकपाटात कोणी डबा ठेवला तर तो बाहेर काढला जातो. कारण हाताला लागलेले विष दिसतेच असे नाही. शिशाचे उदाहरण घ्या. छापखान्यात शिशाच्या मिश्रधातूचे खिळे दिवसभर जुळवणारा माणूस हात न धुता भाकरी मोडत असेल, तर थोडे शिसे रोज पोटात जाणार. बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याचे आजही तेच होते. आता यात डब्यातील अन्नाचाही संबंध येतो. पोट रिकामे असताना शिसे आतड्यातून अनेक पटींनी जास्त शोषले जाते; जेवणाबरोबर त्याचे प्रमाण फार कमी होते. आहारात कॅल्शियम व लोह कमी असेल तरीही शिसे जास्त शोषले जाते. तेव्हा सकाळी काही न खाता कामावर जाणारा आणि दुपारचा डबा काळ्या हातांनी खाणारा माणूस दोन्हीकडून नागवला जातो. दूध प्यायल्याने शिसे उतरते अशी समजूत कामगारांत आढळते, ती मात्र खरी नाही. उपाय साबण आणि वेगळी जागा हाच.

भांड्याबद्दल थोडक्यात. जुने डबे पितळेचे. आंबट पदार्थ पितळेतले तांबे विरघळवतो म्हणून आतून कल्हई, म्हणजे नवसागराने भांडे स्वच्छ करून त्यावर वितळलेल्या कथलाचा पातळ थर. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे रस्त्यावरच्या भट्टीतही हे काम होई. त्यात स्वस्त शिसे मिसळलेले असेल तर आगीतून फुफाट्यात! स्टेनलेस स्टीलच्या डब्याने ही कटकट संपवली.

आता डब्याच्या आत पाहू. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. उसळीवर लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यातील लोह अधिक शोषले जाते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पावाबरोबर चहा घेणाऱ्यांमध्ये लोहाचे शोषण सुमारे एकतृतीयांशावर आले होते. अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवण आणि चहा दोन्ही उरकावे लागतात, म्हणजे इथेही घड्याळ आडवे येते. तासाभराने चहा मिळाला तर लिंबाचे श्रम वाया जात नाहीत.

भाकरी, चटणी, कांदा हा डबा टिकतो, कारण भाकरीत पाणी कमी. भाताचे तसे नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात व ते शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही. ब्रिटनमध्ये १९७१ पासून उपाहारगृहांतील परतलेल्या भाताने उलट्या झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवलेला भात ऐनवेळी परतून वाढला जात होता. आपला फोडणीचा भात याहून फारसा वेगळा नाही. रात्रीचा भात शीतकपाटात ठेवला असेल तर हरकत नाही. ओट्यावर राहिला असेल, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, तर तो डब्यात जाऊ नये. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात अन्न जितका कमी वेळ राहील तितके चांगले.

म्हणूनच अन्न शिजणे आणि डबा उघडणे यांतील अंतर महत्त्वाचे. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाहतुकीने हे अंतर कमी केले: माणूस सकाळी लवकर निघाला तरी अन्न नंतर शिजून मागून येऊ लागले. गिरणगावात घरची माणसे कोकणात वा घाटावर ठेवून आलेल्यांना खाणावळवाल्या बायकांनी सांभाळले. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

२०२० साली संसदेने संमत केलेल्या कामगारविषयक संहितेत जेवणाच्या खोलीसाठी कामगारसंख्येची अट दीडशेवरून पन्नासवर आणली आहे. चार-सहा माणसांचे गॅरेज, शिवणकामाचा गाळा, बांधकामाची जागा यांतले काहीच त्यात बसत नाही. आणि आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांचे आईवडील काम करतात ते अशाच ठिकाणी.

वर्गात एक पाहणी करता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील कामावर जाणाऱ्या मोठ्यांना पाच प्रश्न विचारावेत: डबा किती वाजता भरला, किती वाजता उघडला, कुठे बसून खाल्ला, हात कशाने धुतले, जेवायला किती मिनिटे मिळाली. जोडीला एक प्रयोगही करावा. दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत सारखाच गरम भात भरा, एक डबा जाड फडक्यात गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तापमापीने तापमान मोजून आलेख काढा. कोणता डबा किती वेळाने ६० अंशांखाली गेला ते पाहा आणि त्याच आलेखावर पाहणीतील डबे उघडण्याच्या वेळा खुणा करून दाखवा. प्रयोगातला भात मात्र कोणी खाऊ नये.