नाचऱ्या रात्रींचा बखरकार

राज्ये उलथतात, ध्वज बदलतात, करारमदार होतात. इतिहासग्रंथ त्यांची नोंद ठेवतात. परंतु स्वातंत्र्य मिळाल्यावर सामान्य घरातील तरुण कसा वागू-वावरू लागला, याची नोंद कोणी ठेवावयाची? हा प्रश्न पश्चिम आफ्रिकेतील एका छायाचित्रकाराच्या आधारे आपणापुढे मांडण्याचा मानस आहे.

मालिक सिदिबे हे माली देशातील सोलोबा गावचे. लहानपणी त्यांनी गुरे राखली. चित्रकलेतील गतीमुळे ते बामाको शहरातील कलाशाळेत आले आणि 1955 मध्ये एका फ्रेंच छायाचित्रकाराकडे उमेदवारी करू लागले. पुढे बागादाजी वस्तीत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला.

22 सप्टेंबर 1960 रोजी माली स्वतंत्र झाला. त्याच सुमारास ट्विस्ट, रॉक आणि क्यूबन संगीताच्या तबकड्या बामाकोत पोहोचल्या. वस्तीवस्तीत तरुणांचे क्लब निघाले. शनिवारच्या रात्री सिदिबे कॅमेरा व फ्लॅश घेऊन सायकलवरून एका मेजवानीहून दुसरीकडे जात. परतल्यावर फिल्म धुऊन लहान प्रती जाड कागदावर चिकटवीत, त्यावर क्लबचे नाव व तारीख घालीत आणि स्टुडिओत मांडून ठेवीत. तरुण येऊन आपापली छबी शोधीत व प्रती मागवीत. 1963 च्या नाताळच्या रात्रीचे त्यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. सुटातील तरुण व अनवाणी तरुणी मान लववून नाचत आहेत. दोघांची डोकी जवळजवळ टेकली आहेत. संगीतामुळे तरुण-तरुणींना एकमेकांजवळ येता आले, पूर्वी तशी मुभा नव्हती, असे सिदिबे सांगत.

राष्ट्राध्यक्ष मोदिबो केइता यांच्या समाजवादी राजवटीस मात्र ही परकी धून रुचली नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी पथके तरुणांच्या वेशभूषेवर नजर ठेवू लागली. 1968 मध्ये लष्कराने ती राजवटच उलथविली. तरुणांचे ते वागणे निव्वळ अनुकरण होते काय? तबकडीचे वेष्टन छातीशी धरून उभ्या असलेल्या मुलांच्या मुद्रेवर लाचारी नाही, मालकीचा आनंद आहे. एक सावधगिरी मात्र हवी. ही छायाचित्रे विक्रीसाठी काढलेली. ज्यांना क्लबात शिरकाव नव्हता ती मुले त्यांत दिसणार नाहीत.

1995 मध्ये पॅरिसमध्ये या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि 2007 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक महोत्सवात सिदिबे यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. 2016 मध्ये ते निवर्तले. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी घातलेली नावे व तारखा आज एका पिढीच्या इतिहासाची साधने ठरली आहेत.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, स्नेहसंमेलनांची जुनी छायाचित्रे आपल्याही घरी असतील. त्यांच्या पाठीवर नावे आणि साल आजच लिहून ठेवा. ती ओळखणारी माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे काम होणार आहे.