मुलाला पोलिसांनी नेले, पुढे काय?

विरार, प्रतिनिधी

रात्री साडेअकराच्या सुमारास शेजारच्या चाळीतून फोन येतो. मोबाइल हिसकावल्याच्या संशयावरून चार मुलांना पोलीस ठाण्यात नेले आहे आणि त्यात आपलाही सोळा वर्षांचा मुलगा आहे. वडील रात्रपाळीला गेलेले. आई घराला कुलूप लावून एकटीच निघते. प्रसंग काल्पनिक असला तरी विरार-नालासोपारा पट्ट्यात राहणाऱ्यांना तो अनोळखी वाटू नये. पोलीस ठाण्याच्या पायरीवरच या आईला जाणकारांचे सल्ले मिळू लागतात. एक सांगतो, ‘कबूल करून टाका, सकाळी सोडतील.’ दुसरा सांगतो, ‘आता तीन वर्षे रिमांड होम, सुटका नाही.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. दुर्दैवाने योग्य सल्ला देणारा माणूस त्या वेळी तेथे क्वचितच असतो.

अठरा वर्षांखालील मुलांकडून घडलेल्या गुन्ह्यांबाबत सध्या ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ हा कायदा लागू आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला आणि २०२१ साली त्यात काही दुरुस्त्या झाल्या. या कायद्याच्या भाषेत मूल ‘आरोपी’ नसते. ते ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असते. शब्द बोजड आहे, हे मान्य. परंतु शब्दाबरोबर वागणुकीची रीतही बदलते. अशा मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक ‘बालकल्याण पोलीस अधिकारी’ नेमलेला असावा, अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयातील ठाणीही याला अपवाद नाहीत. त्या आईने ठाण्यात पाऊल ठेवताच विचारायचा पहिला प्रश्न हाच, की येथील बालकल्याण पोलीस अधिकारी कोण?

दुसरा प्रश्न गुन्ह्याच्या स्वरूपाचा. कायद्याने मुलांच्या गुन्ह्यांचे तीन वर्ग केले आहेत. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर तो किरकोळ, त्यापुढचा गंभीर आणि किमान शिक्षाच सात वर्षे वा अधिक असेल तर तो निर्घृण. भारतीय न्याय संहितेत मोबाइल हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे आपल्या काल्पनिक मुलाचे प्रकरण पहिल्या वर्गात बसते. किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत, सोबत प्रौढ आरोपी नसल्यास, प्राथमिक माहिती अहवाल म्हणजे एफआयआर नोंदवायचा नसून ठाणे दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. चौकशी चार महिन्यांत संपवावी लागते, ती फार तर दोन महिने वाढते. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर किरकोळ गुन्ह्याची कार्यवाही आपोआप संपुष्टात येते. कबुली देऊन सकाळी घरी नेण्याची घाई किती निरर्थक असते, हे यावरून लक्षात यावे.

जामिनाबाबतही असाच गैरसमज आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडणे हा नियम आणि न सोडणे हा अपवाद. सुटल्यावर ते सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, नैतिक वा मानसिक धोका होईल, अथवा सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होईल, असे सबळ कारण असेल तरच मंडळ जामीन नाकारू शकते. घरची माणसे हजर आहेत, मुलाला सांभाळायला तयार आहेत, हे दिसणे म्हणूनच महत्त्वाचे. लाजेखातर किंवा रागाच्या भरात ‘राहू दे त्याला आत, अक्कल येईल’ म्हणून घरी बसणारे पालक आपल्याच मुलाच्या सुटकेच्या आड येत असतात.

सर्वांत मोठी अडचण असते ती वयाच्या पुराव्याची. कायद्याने त्याचा क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. त्यात कोकणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. मुलाचा जन्म गावी, शाळा तिसऱ्याच ठिकाणी, दाखले कुणा नातेवाइकाच्या पेटीत. आधार कार्डावरची तारीख बहुतेकांकडे असते, पण कायद्याच्या क्रमात आधारला स्थान नाही. शाळेचा दाखला घरात असणे हा एरवी क्षुल्लक वाटणारा योगायोग अशा रात्री सोळा वर्षांच्या मुलाला प्रौढांच्या कोठडीपासून वाचवू शकतो.

वकिलाच्या फीची चिंता मात्र अनाठायी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि बालकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

मंडळात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यांपैकी एक तरी महिला. त्यांच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या कागदांत सर्वाधिक मोलाचा कागद असतो परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपास अहवाल. तो दोन आठवड्यांत सादर व्हावा अशी अपेक्षा आहे. मुलगा शाळा का सोडून बसला, वडील दारू पितात का, घरात मिळवते किती, वस्तीत उठबस कुणाची, हे सारे त्यात यायला हवे. एवढे काम नीट करायचे, तर अधिकाऱ्याने नालासोपाऱ्याच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन बसले पाहिजे, शाळेत गेले पाहिजे, शेजाऱ्यांशी बोलले पाहिजे. या अहवालावर घाईने खरडलेल्या दोन ओळी असतील, तर मंडळाने कितीही समंजसपणे निर्णय घ्यायचा ठरवला तरी त्याच्या हाती काही नसते.

याची प्रचीती २०२४ साली साऱ्या महाराष्ट्राला आली. १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीखाली दोघांचा बळी गेला आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. राज्यभर संताप उसळला. तो स्वाभाविक होता. पुढे त्या मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्यात आले आणि २५ जून रोजी उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून सुटकेचा आदेश दिला. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका हे मार्ग कायद्यात विचारपूर्वक ठेवलेले आहेत. ते हास्यास्पद ठरतात ते त्यांच्यामागे कुणी देखरेख करणारे नसते तेव्हा. श्रीमंत घरातल्या मुलाचा निबंध सर्वांनी पाहिला. चाळीतल्या मुलाला कसलाच निबंध वा समुपदेशक मिळत नाही, तो नुसता तारखांना हजर राहतो.

आणि तारखांना हजर राहणे ही विरारकरांसाठी लहान बाब नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, पण त्यानंतरही वसई-विरारमधील मुलांची रवानगी भिवंडीच्या बालसुधारगृहात झाल्याच्या बातम्या येत राहिल्या. विरारहून भिवंडीला रेल्वेने जायचे तर वसई रोडला उतरून दिवा मार्गावरची मोजकीच असलेली गाडी पकडायची. कामण रोड, खारबाव करत ती भिवंडी रोडला पोचते. गाडी चुकली, तर चिंचोटी-कामण रस्त्याने खड्डे मोजत जायचे. याउलट जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे काम असेल, तर उत्तरेला पालघर गाठायचे. हातावर पोट असलेल्या आईचा प्रत्येक फेरीला एक दिवसाचा रोजगार बुडतो. निरीक्षणगृहातल्या मुलाला भेटायला कुणी आले नाही, की त्याचा अर्थ तो आपल्या परीने लावतो. आणि तेथे त्याला ‘आपले’ म्हणणारे दुसरेच कुणी भेटते.

मुंबईला हा अनुभव जुना आहे. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ सालची. मुंबई बालक अधिनियम १९२४ साली झाला आणि त्यापाठोपाठ १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. चित्रपटांनी कुप्रसिद्ध केलेले डोंगरीचे निरीक्षणगृह याच संस्थेकडे आले. पुढे भिंतींपेक्षा माणसांवर भर देणारे काम सुरू झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली सुरू केलेल्या ‘प्रयास’ प्रकल्पात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस ठाणी, न्यायालये आणि तुरुंगांत बसून घराशी संपर्क, वकील, सुटकेनंतर काम मिळवून देणे अशी कामे करू लागले. मुलांच्या संकटकाळासाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवाही १९९६ साली याच संस्थेच्या उपक्रमातून मुंबईत जन्मली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने शासकीय यंत्रणेकडे गेली, क्रमांक मात्र तोच राहिला.

विरारला या क्रमांकाची गरज अधिक, कारण हे लोकलचे शेवटचे मोठे स्थानक आहे. २०१३ साली उपनगरी सेवा डहाणूपर्यंत गेली खरी, पण बहुसंख्य गाड्या आजही येथेच रिकाम्या होतात. घरातून रुसून निघालेले मूल शेवटच्या गाडीने कुठे उतरते, हे फलाटावरच्या हमालाला आणि चहावाल्याला ठाऊक असते. असे मूल रेल्वे पोलिसांच्या वा सुरक्षा दलाच्या दृष्टीस पडले, तर त्याला बालकल्याण समितीपुढे नेले जाते. त्याने कोणताही गुन्हा केलेला नसतो. त्याला वेळीच हात मिळाला नाही, तर ते बाल न्याय मंडळापुढे यायला फार काळ लागत नाही.

गरीब घरातले मूल घरातच टिकावे म्हणून दोन योजना आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा संकटातील मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मधील प्रायोजकत्वाची रक्कम ४,००० रुपये असून शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नमर्यादा ९६,००० रुपये आहे. विरारच्या घरभाड्याचे आकडे माहीत असलेल्यांना ही मर्यादा वाचून हसू यावे. महिना आठ हजारांत येथे कोणते कुटुंब राहते, हे योजना आखणाऱ्यांनी एकदा येऊन पाहायला हवे.

प्रकरण संपल्यानंतरचा काळ सर्वांत नाजूक. शाळेने नाव कमी केलेले असते आणि मुलालाही परत त्या वर्गात बसणे नको असते. अशा वेळी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची वाट मोकळी असते. नोकरीचे काय, ही पालकांची दुसरी धास्ती. बाल म्हणून निर्णय झालेल्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका उमेदवाराच्या बाबतीत हेच तत्त्व उचलून धरले. (निर्घृण गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला, तर मात्र हे संरक्षण राहत नाही.) मुलाची ओळख उघड करणाऱ्यास सहा महिने कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नाव न छापता चाळ, शाळा आणि वडिलांचा धंदा छापणारे आम्ही बातमीदारही यातून सुटत नाही, हे येथे नमूद केलेले बरे.

आणि मुलगा सोळाऐवजी एकोणीस वर्षांचा निघाला तर? मग तो प्रौढ न्यायालयात जातो आणि बहुतेकांचा समज असा, की आता काही उपाय उरला नाही. तेही खरे नाही. परिविक्षा अधिनियम, १९५८ च्या सहाव्या कलमानुसार, जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या २१ वर्षांखालील तरुणाला, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून तुरुंगवास अपरिहार्य का आहे याची कारणे नोंदवल्याशिवाय न्यायालयाला कैदेची शिक्षा देता येत नाही. कायदा साठ वर्षांहून जुना आहे. या कलमाचा आधार वकिलाने न्यायालयापुढे मांडावा, एवढे त्या आईने त्याला आठवणीने सांगावे.