यंत्राची भाषा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हें गणकयंत्र कार्यान्वित झालें. त्याची स्मृति अवघ्या २०४८ शब्दांची. त्याच्याशीं बोलावयाचें तें त्याच्याच अंकभाषेंत. १९६४ सालीं त्याच संस्थेंत ‘सीडीसी ३६००’ हें यंत्र आलें. फोरट्रान भाषेंत शास्त्रज्ञ बीजगणितासारखीं सूत्रें लिहीत, व त्यांचें अंकभाषेंत रूपांतर यंत्रच करी. टिफ्रॅक निवृत्त झालें, तेव्हां त्याची अंकभाषा जाणणाऱ्यांची विद्याहि निरुपयोगी झाली.

मग टिकतें तें काय? युरोप-अमेरिकेंतील विद्वानांनीं १९६० सालीं सिद्ध केलेल्या ‘अल्गोल’ भाषेंत एक नियम होता: ज्या खंडांत नांव जाहीर झालें, त्या खंडापुरताच त्याचा अर्थ. एका घरांतले ‘अण्णा’ ते शेजारच्या घरांतले अण्णा नव्हेत, तसेंच हें. अल्गोल व्यवहारांतून गेली. हा नियम मात्र आजच्या बहुतेक भाषांत नांदतो आहे.

टाटा संस्थेंतील संगणनकार्यांतूनच १९८५ सालीं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघालें. तें पुढें सी-डॅकमध्यें विलीन झालें. नवी मुंबईंत खारघर येथेंहि त्याचें केंद्र आहे. तेथें काय किंवा शहरांतील महाविद्यालयांत काय, नव्या विद्यार्थ्यास नोकरी देणारी एखादी भाषा आधीं हवी असते, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु नामाची व्याप्ति, मूल्याचा प्रकार, पुनरावृत्ति हीं तत्त्वें ज्यास उमगलीं, त्यास दुसरी भाषा आली तरी पुन्हां श्रीगणेशा करावा लागत नाहीं.