‘भरधाव’ म्हणजे किती?

मोटार-अपघाताची हकीकत वर्तमानपत्रात आली की तिच्यात एक शब्द हटकून असतो: ‘भरधाव’. पंचनाम्यात तोच, साक्षीतही तोच. ट्रक व बस चालविणाऱ्या माणसांच्या संघटनेत उमेदीची वर्षे घालविल्यामुळे ह्या शब्दाचे मोल आम्ही जाणतो. ह्या एका शब्दावर चालक तुरुंगात जातो, आणि हाच शब्द कोर्टात टिकला नाही म्हणजे मेलेल्याच्या घरच्या माणसांची दाद लागत नाही. म्हणून गेलेल्या गाडीचा वेग मागाहून मोजावयास माणूस कसा शिकला, ह्याचा थोडा इतिहास श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने पादचारी दगावल्याची ब्रिटनमधील ही पहिली नोंद होय. चालक म्हणाला, वेग ताशी चार मैल होता. एका साक्षीदाराला तीच गाडी आगीच्या बंबासारखी धावताना दिसली. ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला. गाडी एक, वेग दोन!

कोणी मुद्दाम खोटे बोलले असेल असे मात्र समजू नये. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर ह्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीचे चित्रपट दाखविले आणि वेग विचारला. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे विचारले त्यांचे उत्तर सरासरी ताशी सुमारे ३२ मैल आले. ‘एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा’ असे विचारले त्यांचे सुमारे ४१ मैल. चित्रपट तेच होते, प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले होते. आता संतापलेल्या जमावाची साक्ष ‘भरधाव’ ह्या शब्दाने विचारली तर उत्तर काय येईल, हे सांगावयास नको.

डोळा फसतो, पण रस्ता व पत्रा फसत नाही, ही गोष्ट पदार्थविज्ञानाला मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होती. चालत्या वस्तूचे बळ वेगाच्या प्रमाणात असते की वेगाच्या वर्गाच्या, असा वाद लाइब्निट्झने १६८६ मध्ये उभा केला होता. हॉलंडातील लायडनचे प्राध्यापक ’स ग्रावेसांडे ह्यांनी १७२२ च्या सुमारास पितळेचे गोळे उंचावरून मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की मातीतला खळगा चौपट होई. पुढे १७४० साली एमिली द्यु शातले ह्या फ्रेंच विदुषीने आपल्या ग्रंथात वर्गाच्या मताचा कैवार घेतला. दुसरीकडे फ्रान्समध्येच आमोन्तों ह्याने १६९९ मध्ये आणि कुलों ह्या लष्करी इंजिनियराने शतकाच्या उत्तरार्धात घर्षणाचे नियम बसविले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हा त्यांतला मुख्य नियम.

ह्या दोन नियमांची सांगड घातली की रस्त्यावरची काळी रेघ बोलू लागते. चालकाने करकचून ब्रेक मारला, चाके जाम झाली, टायर घासत गेले. गाडीची सारी ऊर्जा त्या घासण्यात खर्च झाली. हिशेब असा: वेगाचा वर्ग म्हणजे घर्षणाचा अंक, गुरुत्वाचे ९.८ आणि रेघेची लांबी मीटरमध्ये, ह्या तिहींच्या गुणाकाराची दुप्पट. कोरड्या डांबरी रस्त्यावर मोटारीसाठी घर्षणाचा अंक सुमारे ०.७ धरतात. रेघ २० मीटर असेल तर उत्तर सेकंदाला साडेसोळा मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटर. रेघ ५ मीटरच असती तर वेग ३० निघाला असता. गाडीचे वजन ह्या हिशेबात येतच नाही. भाराबरोबर घर्षणही वाढते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी कटते.

मातीतल्या खळग्याचेही पुढे चीज झाले. १९७४ साली जनरल मोटर्सचे केनेथ कॅम्पबेल ह्यांनी मोटारीचा पत्रा किती आत गेला ह्यावरून टकरीत खर्ची पडलेली ऊर्जा काढण्याची रीत मांडली. त्याच दशकात कॅलस्पॅन ह्या अमेरिकन संस्थेने टकरीचा वेग काढणारा ‘क्रॅश’ नावाचा संगणक-कार्यक्रम तयार केला.

परंतु, श्रोतेहो, गणित निःपक्षपाती असले तरी गणित मांडणारा तसा असेलच असे नाही. वरची २० मीटरची रेघ पाऊस पडत असताना उमटली असेल, तर घर्षणाचा अंक ०.४ पर्यंत खाली येतो आणि वेग ६० ऐवजी ४५ निघतो. रस्ता ओला होता की कोरडा, हे पंचनाम्यात नसेल तर चालकावर पंधरा किलोमीटरचा नाहक बोजा पडतो. उलट, रेघेच्या शेवटी गाडी कशावर आदळून थांबली असेल, तर रेघेवरून निघालेला वेग हा किमान वेग होय; खरा त्याहून जास्त. तो आकडा आमच्या माणसाच्या विरुद्ध गेला तरी आम्ही मानलाच पाहिजे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातील एका ट्रकच्या खटल्यात हेच सांगितले. ‘अतिवेग’ हा सापेक्ष शब्द आहे. साक्षीदारांना त्याचा अंदाजे अर्थही सांगता आला नाही. केवळ वेगावरून हयगय सिद्ध होत नाही. चालक सुटला. आम्ही ह्याला निव्वळ विजय म्हणत नाही. फीत लावून रेघ मोजली असती तर निर्दोष कोण, दोषी कोण, हे अंदाजावर राहिले नसते.

आणखी एक गोष्ट उरते. युरोपीय समाजाने १९७० मध्ये मालमोटारींत वेग व वेळ नोंदणारे टॅकोग्राफ यंत्र बसविण्याचा नियम केला. ब्रिटिश वाहतूक कामगारांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणून विरोध केला. ब्रिटन सरकारही टाळाटाळ करीत राहिले आणि १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयात हरले. त्या कामगारांची शंका आम्हाला समजते. पण त्याच तबकडीवर चालक सलग किती तास चाकावर बसला होता, हेही उमटते. आपल्याकडे मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. कागदावरची ही मर्यादा रस्त्यावर कितपत पाळली गेली, हे रात्रीच्या ढाब्यावर कोणालाही विचारावे.

काळ्या रेघेवरून ब्रेक मारतेवेळचा वेग कळतो. ब्रेक उशिरा का मारला गेला, डोळा का लागला, पहाटेच्या आत माल पोचविण्याचा हुकूम कोणाचा होता, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. प्रत्येक अपघाताच्या पंचनाम्यात रेघेची लांबी, रस्त्याची स्थिती व टायरची अवस्था मोजून लिहिली जावी; आणि त्याच पंचनाम्यात चालक त्या दिवशी किती तास कामावर होता, हाही आकडा लिहिला जावा.