देवळाचा चुना

माले व आसपासच्या मुळशी खोऱ्यात पाऊस उदंड आणि चैत्र-वैशाखाचे ऊनही कडक. पूर्वी पावसाळा सरला, की दिवाळीपूर्वी देवळांना चुन्याचा हात देत. कळीचा चुना विरवून, फडक्याने गाळून, त्यात डिंक व किंचित नीळ घालीत. भिंतीवर तो हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडी होतो. ऊन परतवितो, ओलही बाहेर सोडतो. पुढे तैलरंग आला. तो चकाकतो खरा, पण जुन्या भिंतीत ओल कोंडून पापुद्रे सुटतात. गंमत अशी, की २०२० साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ९५.५ टक्के सूर्यप्रकाश परतविणारा रंग केला, त्यातले मुख्य द्रव्यही चुनखडीचेच! मात्र चुना पावसाने झिजतो. तेव्हा जीर्णोद्धार निधीत दरसालच्या चुन्याची तरतूद ठेवावी.