शय्यामूत्र : शिक्षेकडून समजुतीकडे

प्रस्तावना

झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलाचा यात दोष किती? प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याच्या उत्तरालाही इतिहास आहे.

जुने उल्लेख

इ.स.पू. १५५०च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये या तक्रारीवर औषध आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने मुलांना शिजवलेले उंदीर खाऊ घालण्याचा उपाय नोंदवला. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेतील बालरोगांत ‘शय्यामूत्र’ येते. उपाय विचित्र असले, तरी इथे तक्रारीवर औषध शोधले गेले, हे लक्षात घ्या. घरोघरी मात्र तिला खोड समजून मुलांना मारले किंवा लाजवले जाई.

विसावे शतक

१९०४ मध्ये बालरोगतज्ज्ञ फाउंडलर यांनी अंथरूण ओले होताच घंटा वाजेल असे यंत्र वापरले. परिचारिकांना चादर लगेच बदलता यावी, एवढाच हेतू होता. पण त्याने काही मुलांची तक्रारच थांबली. १९३८ मध्ये अमेरिकेतील मौरर दांपत्याने घंटेचा उपचार म्हणून वापर केला. मनोविश्लेषक याच काळात मनातील संघर्षाकडे बोट दाखवत होते. पुढे १९८०च्या दशकात डेन्मार्कमधील संशोधकांना दिसले की, रात्री लघवी कमी तयार करणारे संप्रेरक काही मुलांत पुरेसे वाढत नाही. १९९५ मध्ये काही डॅनिश कुटुंबांत आनुवंशिक दुवाही सापडला. म्हणजे मूल हे मुद्दाम करत नाही.

रायपूर आणि आजचा प्रश्न

रायपूरमध्ये शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, १९६३ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून एम्सही आहे. उपचार जवळ आला. समजूत तितकी पोहोचली का? छत्तीसगडमधील आश्रमशाळांत अनेक मुले घरापासून दूर, एका खोलीत रांगेने झोपतात. तिथे ओली गादी लपत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे. सर्वांसमोर मुलाचे हसे करणे हा छळच होय.

पाच वर्षांपर्यंत असे होणे स्वाभाविक असते. नंतरही बहुतेक मुलांत ते वयानुसार थांबते. मात्र सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता किंवा मनावरचा ताण यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

स्वाध्याय

१. घंटेचा मूळ हेतू आणि प्रत्यक्ष परिणाम यांतून विज्ञानाच्या वाटचालीबद्दल काय कळते?
२. कारण कळल्यानंतरही शिक्षा का टिकून राहते? तुमच्या परिसरातील उदाहरणाने सांगा.